खांद्यापर्यंत डावा हात

मागच्या महिन्यात खांदा धरला म्हणून नाशिकच्या कॉलेज रोडला फिजिओथेरपीला गेले होते. तिथल्या मुलीने दोन्ही हात वर करायला लावले आणि विचारलं, तुम्ही डावखुऱ्या आहात का? म्हटलं नाही. मग डावा खांदा इतका कसा झिजलाय? तिला सांगितलं की मी जनावरांची डॉक्टर आहे, गाय तपासताना डावा हात आत जातो कारण उजव्या हातात एआयची, म्हणजे कृत्रिम रेतनाची, गन धरायची असते, आणि हे पंधरा वर्षं चाललंय, दिवसाला कधी आठ गाई तर कधी वीस. गाय आत हात दाबून धरते, कधी एकदम खाली बसते, तेव्हा हात आतच असतो. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, असं कुणी सांगतच नाही हो मॅडम.

तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा लिहून काढावं. दरवर्षी नीटचा निकाल लागला की नात्यातले, गावाकडचे, ओळखीच्या ओळखीचे फोन येतात, मुलीला एमबीबीएसपुरते मार्क नाहीत, वेटर्नरीला टाकू का, स्कोप आहे का. स्कोप आहे असं मी सांगते आणि ते खरंच आहे. पण फोन ठेवला की वाटतं आपण अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं सांगते.

मी निफाड तालुक्यातली. घरी द्राक्षाचा दीड एकर बाग आणि दोन जर्शी गाई. २००४ ला बारावी झाले, सीईटीत एमबीबीएसपुरते मार्क नव्हते, वडिलांनी वेटर्नरीचाही फॉर्म भरून ठेवला होता आणि शिरवळला नंबर लागला. पुणे-सातारा रस्त्यावर नीरा नदी ओलांडली की शिरवळ, तिथलं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजं तेव्हाही मोजकीच होती, परळचं सगळ्यात जुनं, १८८६ चं, मग नागपूर, परभणी, उदगीर आणि आमचं. सगळी नागपूरच्या माफसू विद्यापीठाखाली. आमच्या वेळी कोर्स पाच वर्षांचा आणि त्यात इंटर्नशिप सहा महिन्यांची, आता साडेपाच वर्षं झालाय आणि इंटर्नशिप पूर्ण वर्षाची, हे फार चांगलं झालं असं माझं मत आहे, कारण आम्ही बाहेर पडलो तेव्हा पुस्तक भरपूर पाठ होतं आणि हात कोरा होता.

लोकांना वाटतं माणसाच्या डॉक्टरपेक्षा हे सोपं असणार. पहिल्या वर्षी ॲनाटॉमीला बैल शिकायचा, आणि बैल झाला की घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी, प्रत्येकाचं वेगळं. गाईच्या पोटाचे चार कप्पे, घोड्याला एकच पोट पण त्याला उलटी होत नाही म्हणून पोटदुखी जिवावर बेतते. एक औषध गाईला चालतं ते मांजरीला विष. पॅरासिटॅमॉल मांजरीला देतात लोक घरातली गोळी म्हणून, मरते मांजर. आणि यातला एकही पेशंट सांगणार नाही की मला कुठे दुखतंय.

पण पुस्तकातून येत नाही ती गोष्ट म्हणजे पीडी, गाय गाभण आहे की नाही हे हाताने बघणं. पहिल्यांदा हात घातला तेव्हा मला फक्त गरम आणि मऊ एवढंच कळलं. सर बाहेर उभे राहून विचारतायत, गर्भाशयाचं तोंड लागलं का, ते कोंबडीच्या मानेसारखं कडक लागतं, आणि मी हो म्हणतेय पण हाताला काहीच लागत नाहीये. असे चाळीस पन्नास हात वाया गेले असतील. मग एक दिवस अचानक लागलं. गर्भाशयाची दोन शिंगं, एक जाड एक बारीक, जाड असलेल्यात पाणी भरल्यासारखं, म्हणजे दीड-दोन महिन्यांची गाभण. त्या दिवसानंतर डोळे मिटले की मला आत दिसायला लागलं. पुढे चार महिन्यांच्या आसपासच्या गाभण गाईची मोठी धमनी बोटाखाली थरथरते ती कळायला लागली, नाडीसारखी ठोके देत नाही ती, नळीतून पाणी जोरात जावं तशी गुणगुणते. अजूनही ती थरथर लागली की बरं वाटतं मला, इतक्या वर्षांनी.

२००९ ला बाहेर पडले, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन केलं. पशुधन विकास अधिकारी व्हायचं हे सगळ्यांचंच स्वप्न, एमपीएससीतून गट-अ ची पोस्ट, घरच्यांना तेच हवं असतं. मी परीक्षा दिली, इंटरव्ह्यूपर्यंत गेले, झालं नाही. मग एका दूध डेअरीत कंत्राटावर लागले. डेअरीला दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या गोठ्यावर जायचं, एआय करायचं, आजारी जनावर बघायचं. स्कूटीच्या पुढे तीन लिटरचा नायट्रोजनचा कंटेनर, आत उणे १९६ डिग्रीत वीर्याच्या कांड्या, पाठीला बॅग, आणि डिकीत कॅल्शियमच्या बाटल्या.

पहिल्या वर्षातली एक केस सांगायलाच पाहिजे कारण ती सांगितली नाही तर बाकीचं खोटं वाटेल. गोदाकाठची एक वस्ती, तिसऱ्या वेताची मुऱ्हा म्हैस, सकाळपासून कळा देत होती पण पाण्याची पिशवी काही दिसत नव्हती. मी संध्याकाळी पोचले. हात घातला तर वाट अरुंद आणि घड्या घड्या लागल्या. मी ठरवलं की गर्भाशयाचं तोंड उघडलेलं नाही, इंजेक्शन दिलं, कॅल्शियम दिलं, सकाळपर्यंत वाट बघा म्हणाले आणि निघून आले. रात्रभर झोप नाही, काहीतरी चुकलंय हे कळत होतं आणि काय ते कळत नव्हतं. सकाळी एका सीनियर डॉक्टरांना हात जोडून सोबत नेलं. त्यांनी हात घातला, अर्ध्या मिनिटात बाहेर काढला आणि मला म्हणाले, आता तू घाल आणि घड्या कुठल्या बाजूला जातायत ते सांग. घड्या उजवीकडे खाली जात होत्या. गर्भाशयाला पीळ पडला होता. म्हशीत हे खूप बघायला मिळतं आणि कॉलेजमध्ये त्याच्यावर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं होतं.

ज्या बाजूला पीळ त्याच बाजूवर म्हैस पाडायची, पुढचे पाय एकत्र बांधायचे, मागचे एकत्र, पोटावर लांब रुंद फळी ठेवायची, फळीचं एक टोक जमिनीला टेकलेलं, त्या टोकाजवळ एक माणूस उभा, आणि बाकीच्यांनी म्हशीला त्याच बाजूला हळूहळू लोळवायचं. फळीने पोटातलं ओझं धरून ठेवायचं आणि म्हशीचं अंग त्याच्याभोवती फिरवायचं म्हणजे पीळ सुटतो. वस्तीवर फळी कुठली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची काढली. दोनदा लोळवलं, दुसऱ्यांदा घड्या गेल्या आणि आतून पाणी आलं. दुपारपर्यंत तोंड उघडलं, रेडकू काढलं, मेलेलं होतं. म्हैस वाचली पण त्या वेताचं दूध जवळजवळ गेलं. मालक एवढंच म्हणाले, ताई, काल तुम्ही आल्या तव्हा पोटात हालत होतं ते. त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी पैसे घेतले नाहीत, त्यांनीही आग्रह केला नाही. दोन वर्षांनी त्याच घरून मला फोन आला, शेळी आडली होती, आणि आजपर्यंत येतो. त्यांनी का बोलावलं मला परत हे मी कधी विचारलं नाही. त्यानंतर पीळ पडलेल्या म्हशी किती केल्या मोजल्या नाहीत पण एकही सकाळवर टाकली नाही.

बाई म्हणून काय होतं हे मुली विचारतात. सुरुवातीला गोठ्यात उतरलं की लोक माझ्या मागे बघायचे, डॉक्टर मागून येतायत का म्हणून. ते सहा महिन्यांत संपतं, पहिली दोन-तीन आडलेली जनावरं सुटली की गावात आपोआप बातमी जाते. उलट पहिलारू कालवड किंवा शेळी आडली की मुद्दाम बोलवायचे, मॅडमचा हात बारीक आहे म्हणून. खरा त्रास वेगळाच. सकाळी सहाला घर सोडायचं, दिवसभर वस्त्या-मळे, आणि लघवीला जायची सोय नाही. पुरुष डॉक्टर गाडी थांबवतो. मी पाणी प्यायचंच बंद केलं होतं, उन्हाळ्यातसुद्धा, आणि त्याची फळं नंतर भोगली, दोनदा इन्फेक्शन होऊन ॲडमिट झाले. आता सरळ घरातल्या बाईला विचारते, ताई बाथरूम कुठे आहे, आणि कुणीही आजवर नाक मुरडलं नाही, उलट चहा टाकतात. हे पहिल्या दिवसापासून विचारायला हवं होतं.

आणि याच्यातूनच एक मोठी गोष्ट शिकले. गाय पुरुषाच्या नावावर असते पण धार काढते बाई, शेण काढते बाई, वैरण टाकते बाई. मालक म्हणणार, कालपासून खात नाही. बाईला विचारलं की ती सांगणार, काल नाही हो, परवा संध्याकाळीच पाव लिटर कमी दिलं तिनं आणि मागच्या डाव्या सडातून गाठी आल्या. आजार तिथे कळला. म्हणून रात्रीचा फोन आला की मी आधी म्हणते, घरातल्या बाईकडे द्या. त्यामुळे जायचं की सकाळपर्यंत थांबता येईल हेही कळतं आणि तिकडे घरात बाई आहे हेही कळतं. रात्री एकटी जात नाही, आधी भाऊ यायचा, लग्नानंतर नवरा येतो, तो शाळेत शिक्षक आहे आणि आता सलाईनची बाटली माझ्यापेक्षा नीट धरतो.

चांगले दिवस पुष्कळ आहेत, नाहीतर टिकलेच नसते. नुकतीच व्यालेली जास्त दुधाची गाय, कॅल्शियम एकदम उतरलेलं, मान पोटाकडे वळवून थंडगार पडलेली, घरचे रडतायत, शेजारचे सांगतायत गेली आता. मानेच्या शिरेतून कॅल्शियम सोडायचं, अगदी सावकाश, एका हाताने स्टेथोस्कोप छातीवर, कारण घाई केली तर हृदय तिथेच थांबतं. बाटली निम्मी झाली की नाकपुडीवर दव येतं, मग अंग थरथरतं, मग ढेकर, मग शेण टाकते, आणि कधी कधी बाटली संपायच्या आत उठून उभी राहते. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकीत मेलेलं समजलेलं तासाभरात उठून वैरण खातं मला माहीत नाही. अशा दिवशी त्या घरची म्हातारी तुमच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडते.

२०१२ ला डेअरी सोडली आणि सिन्नर बाजूला, नायगाव खोऱ्यात, स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. २०१५ ला मुलगी झाली. आणि २०१७ ला आजारी पडले. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण वेटर्नरीला येणाऱ्या प्रत्येक पोराने आणि गोठा असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

एका गोठ्यात एचएफ, म्हणजे होल्स्टिन, गाय सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला. जार, म्हणजे वार, अडकला होता, तिसरा दिवस, वास सुटलेला. लांब हातमोजे संपले होते. म्हणजे एक होता आणि तो फाटका होता. मी साबण लावून उघड्या हाताने जार सोडवला, अर्धा तास लागला. बोटाला नखाजवळ चीर होती, ती नेहमीच असते आमच्या. असं मी आधी शंभर वेळा केलं होतं आणि माझ्या आधीच्या डॉक्टरांनी हजार वेळा, मोजा घातला की हाताला नीट लागत नाही असंच सगळे म्हणायचे.

तीनेक आठवड्यांनी संध्याकाळचा ताप सुरू झाला. सकाळी नॉर्मल, चार वाजले की थंडी, रात्री घामाने गादी ओली, कंबर अशी दुखायची की बाळाला उचलता येईना. टायफॉइड म्हणून गोळ्या झाल्या, उतरला, परत आला. मग व्हायरल, मग अशक्तपणा, मग एकांनी टेन्शन घेता का असंही विचारलं. दोन महिने गेले, सहा किलो वजन गेलं. आणि मला, मला स्वतःला, जिने ब्रुसेलोसिस पाठ करून परीक्षा पास केली, एकदाही सुचलं नाही. सुचलं कधी, तर त्याच गोठ्यातून फोन आला की मॅडम दुसरी पण गाभडली, सातव्याच महिन्यात. फोन हातात धरून मी ओट्याला टेकून उभी राहिले. शेवटच्या तीन महिन्यांत एकामागून एक गाई गाभडतायत, जार अडकतोय, यालाच आमच्याकडे सांसर्गिक गर्भपात म्हणतात आणि तोच जंतू माणसाला हा चढउतार करणारा ताप देतो.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना स्वतः म्हणाले, माझी ब्रुसेलाची टेस्ट करा. त्यांनी लगेच केली, हे त्यांचं मोठेपण. पॉझिटिव्ह आली. डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, सहा आठवडे रोज, एक दिवस चुकवायचा नाही, कारण हा जंतू पेशीच्या आत लपून बसतो आणि अर्धवट औषधाने परत उठतो. पोट जळायचं, लघवी लाल व्हायची, पण दहाव्या दिवशी संध्याकाळचे चार वाजले आणि ताप आला नाही. मी घड्याळाकडे बघत बसले होते.

मग त्या गोठ्याचं रक्त तपासलं. आठ गाईंत तीन पॉझिटिव्ह. आणि घरात आजोबा होते, सकाळी सडाखालचं धारोष्ण दूध प्यायची त्यांची जन्माची सवय, वर्षभर गुडघे आणि कंबर धरलेली, अधूनमधून ताप, सगळे म्हणायचे वय झालं. त्यांनाही तपासायला लावलं, तेही पॉझिटिव्ह निघाले. औषधाने त्यांचे गुडघे पूर्ण नाही पण बरेच सुटले.

आता यातली माझी चूक सांगते. गाईंचा रिपोर्ट मी फोनवर सांगितला. तीन पॉझिटिव्ह, यांच्यावर इलाज करत बसायचं नाही, यांना वेगळं बांधा, परत गाभण राहू देऊ नका. एवढं सांगून मी ठेवला, माझा स्वतःचा ताप नुकताच उतरला होता. आठ दिवसांनी गेले तर तिघीही गोठ्यात नाहीत. बाजारात विकल्या. म्हणजे तो जंतू आता कुणाच्या तरी दुसऱ्या दावणीला गेला, दुसऱ्या आजोबांच्या पेल्यात गेला. मला इतका राग आला की मी तिथून बोलल्याशिवाय निघून आले. नंतर विचार करत राहिले. एकेक गाय सत्तर-ऐंशी हजारांची, कर्ज काढून घेतलेली, रोजचा हप्ता दुधावर चाललेला, आणि मी त्या माणसाला फोनवर सांगितलं की ह्या तीन गाई आता कामाच्या नाहीत. त्याने काय करायचं होतं? मी त्याला प्रश्न दिला आणि वाट दाखवली नाही. त्याची बाजू घेत नाहीये, विकताना सांगायला हवं होतं, पण रिपोर्ट सांगायचं काम तिथे संपत नाही हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

त्यानंतर मी असा रिपोर्ट फोनवर कधीच सांगत नाही. जाऊन बसते, घरातल्या बाईला समोर बसवते, वही घेते. कुठली गाय किती वेताची, दूध किती, पुढचा आटायचा काळ कधी, तोवर वेगळी कशी बांधायची, दूध उकळूनच वापरायचं, गाभडलेलं वासरू आणि जार कुत्र्यांना टाकायचा नाही, खोल खड्डा आणि चुना, जागा धुऊन घ्यायची, आणि घरात कुणाला ताप-सांधेदुखी असेल तर कुठली टेस्ट करायची ते चिठ्ठीवर लिहून. दोन-तीन तास जातात आणि त्याची फी मागता येत नाही. तरी यातले सगळे ऐकतात असंही नाही. पण बऱ्यापैकी ऐकतात.

आजारानंतर काही वर्षं मी गोठे सोडलेच. मुलगी लहान होती, घरचे घाबरले होते. इंदिरानगरला एका मित्राच्या क्लिनिकमध्ये कुत्री-मांजरी बघायला लागले. परत शून्यापासून शिकणं झालं, पार्वो झालेली पिल्लं, गोचिडांमुळे रक्त उतरलेली लॅब्राडोर, एक्स-रे, सोनोग्राफी, दातांची कामं. पैसे सरळ सांगायचं तर गोठ्यापेक्षा चांगले आणि वेळेवर, एसी खोली, बाथरूम. तिथली माणसंही जिवाभावाची, सोळा वर्षांचा कुत्रा शेवटच्या इंजेक्शनला घेऊन आलेल्या आजी मला अजून आठवतात, त्यांनी घरून त्याची चादर आणली होती. नवीन मुलींना मी हा रस्ता कमी कधीच म्हणत नाही. पण माझा हात रिकामा वाटायचा. २०२१ पासून मी दोन्ही करते, सकाळी खोऱ्यात, संध्याकाळी पाथर्डी फाट्याजवळ माझं छोटं क्लिनिक.

आणि २०२२ ला लम्पी आला. ऑगस्टमध्ये राज्यात जळगावकडून बातम्या सुरू झाल्या आणि बघता बघता आपल्याकडे. अंगभर गाठी, ताप, पायाला सूज, डोळ्यांतून पाणी, खाणं बंद. माशा, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना द्यायची, एक मिली, मानेच्या कातडीखाली, आणि प्रत्येक जनावराला नवी सुई. त्या दिवसांत सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, पर्यवेक्षक, आम्ही खासगी, इंटर्न पोरं, सगळे एकत्र फिरलो. पहाटे साडेपाचला सुरुवात, दुपारी लसीचा बॉक्स थंड राहतोय का ही चिंता. सरकारने मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार मदत जाहीर केली, त्याचा आधार झाला, पण घरच्या बैलाची किंमत त्यात बसत नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं.

त्या मोहिमेत इगतपुरी-त्र्यंबक बाजूला गेले तेव्हा डांगी जातीची जनावरं जवळून बघितली. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव येतो म्हणून तिथल्या पावसात दिवसभर भिजूनही ती उभी राहतात, आपल्या संकरित गाई तिथे एक पावसाळा काढणार नाहीत. तिथे एका घरी तापासाठी माणसांच्या मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन टोचायची तयारी चालली होती. मी हातातून काढून घेतलं, मेलॉक्सिकॅम दिलं. अंजनेरीचा कडा तिथून दिसत होता. त्या कड्यावर गिधाडं आहेत. डायक्लोफिनॅक टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची किडनी जाते, देशातली बहुतेक गिधाडं अशीच संपली, म्हणून २००६ सालीच जनावरांसाठी ते बंद झालं. पण माणसांसाठीचं मिळतं आणि स्वस्त आहे. त्या घरच्या पोराला कडा दाखवून हे सांगितलं तर तो म्हणाला, आम्हाला वाटलं गिधाडं उपाशी मेली. त्याच्या आजोबांच्या वेळी ढोर फेकलं की आकाश काळं व्हायचं म्हणे.

तर आता स्कोपचं. नोकरी आहे, सरकारी, डेअरी, औषध कंपनी, पोल्ट्री, विमा, १९६२ नंबरची जनावरांच्या दवाखान्याची फिरती गाडी, शहरात क्लिनिक, पुढे शिकायचं असेल तर एमव्हीएस्सी. पोरीला यातलं काहीतरी नक्की मिळेल. मी फक्त एवढं बघायला सांगते की फॉर्म भरायच्या आधी चार दिवस एखाद्या डॉक्टरसोबत गोठ्यात फिरव, पहाटे उठव, वास घेऊ दे, एखादं जनावर मरताना बघू दे. मग तिला विचार.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक इंटर्न मुलगी होती, सुरगाण्याची. पहिल्या दिवशी खोड्यातल्या गाईजवळ गेली आणि मोजा न घालता बाही वर करायला लागली, कॉलेजमधल्या सीनियर पोरांचं बघून. मी तिला गाडीपाशी परत नेलं आणि डिकी उघडून दाखवली. लांब मोज्यांचा पूर्ण बॉक्स, आणि तो संपायच्या आत आणलेला दुसरा, वरून घालायचे छोटे मोजे, चष्मा, गमबूट, साबण, आयोडीन. मग तिला माझी कहाणी सांगितली, तापाची, घामाची, त्या तीन गाईंची. तिने ऐकून घेतलं आणि मोजा चढवला. मोजा घालून तिला काही लागत नव्हतं, रडकुंडीला आली. म्हटलं लागेल, मलाही पन्नास हात काही लागलं नव्हतं, घाई नको. पंधरा-वीस दिवस गेले असतील, वडांगळीच्या पुढे एका मळ्यात तिचा हात आत आणि ती एकदम गप्प झाली, डोळे मिटले, आणि म्हणाली, मॅडम, थरथरतंय काहीतरी. मी माझा हात घालून बघितला. चार महिने. बरोबर होतं.

ब्रुसेलाची लस आता २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहे, मादी वासराला चार ते आठ महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदाच, आधी नाही, नंतर नाही, आणि टोचणाऱ्यानेही जपायचं कारण जिवंत लस आहे, चुकून आपल्या बोटाला लागली तर आपल्यालाच आजार. नायगावच्या एका गोठ्यात तीन कालवडी आहेत, दोघी पाच-सहा महिन्यांच्या, तिसरी येत्या बुधवारी आठ महिन्यांची होते. दवाखान्यातल्या साहेबांशी बोलणं झालंय, लस घेऊन ते उद्या सकाळी सातला येतायत, बिल्ले मारायचेत कानाला. कालवडी धरायला मी जाणार आहे, उजव्या हाताने.